समजामास्तरांची चार बोटं

आमच्या पाड्यावर वीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाचं खरं नाव सदाशिव होतं, हे निम्म्या गावाला त्यांच्या बदलीचा कागद आला तेव्हा कळलं. तोवर ते सगळ्यांचे समजामास्तर. शाळेत गणित घालताना सगळेच मास्तर ‘समजा, एक हौद आहे’ असं म्हणतात. आमच्या मास्तरांचा हौद शाळा सुटल्यावरही वाहत राहायचा. चहाचा कप पुढे केला की, “समजा, याला तडा असला आणि ओठ कापला तर?” आंब्याखालून जाताना वर बघत, “समजा, हीच फांदी आज मोडायची असली तर?” एकदा माझ्या घरी जेवताना भाताच्या ढिगाकडे इतका वेळ बघत बसले की माझ्या कारभारणीने विचारलं, “काय वो मास्तर, खडा हाय का?” तर म्हणाले, “अजून नाही सापडला. पण समजा, शेवटच्या घासाला असला तर?” तो भात त्यांनी असा काही जपून खाल्ला, की त्या दिवशी आमच्याकडे दुपारचं आणि रात्रीचं जेवण एकाच पंगतीत उरकलं.

मी गाडीवान. पाड्यापासून कर्जत स्टेशनपर्यंत आणि खालापूरच्या बाजारापर्यंत माझी बैलगाडी चालायची. माझ्या आवाजाने लोधिवलीची कुत्री जागी व्हायची आणि माझ्या बोटांत अंगठी घालायची तर बैलाच्या शिंगातलं कडं लागायचं. लिहायला मी फार पुढे, मिशा पिकायला लागल्यावर, मास्तरांकडूनच शिकलो. म्हणून या लेखातलं शुद्धलेखन त्यांचं समजा. थापा तेवढ्या माझ्या घरच्या आहेत.

मास्तरांना गावात आणलं तेही माझ्याच गाडीने. कर्जतला उतरले तेव्हा बरोबर एक पत्र्याची ट्रंक, एक छत्री आणि अवघडलेली बायको. बाईंना माहेर नव्हतं, म्हणून पहिलटकरीण असूनही त्या नवऱ्याबरोबर नव्या गावी निघालेल्या. गाडी धक्का खाई तेव्हा मास्तर त्यांच्या पाठीमागे आपला हात उशीसारखा धरायचे. तेव्हा त्यांच्या तोंडी ‘समजा’ होता, पण शाळेपुरता. वाटेत मला म्हणाले, “आबाराव, समजा ताशी दोन मैल अशी गाडी गेली, तर आपण कधी पोचू?” मी म्हणालो, “बैलांना इचारा. त्यांचं नि माझं अजून ठरलं नाय.” बाई खुदकन हसल्या. त्यांचं हसणं मी ऐकलं ते तेवढंच.

श्रावणात त्या अडल्या. मूल पायाळू होतं, पायांकडून येणारं. आमची सुईण ठकूबाई म्हणाली, माझ्या हातचं काम नाय, चौक गावच्या दवाखान्यातली नर्सबाई आणा. आमच्या पाड्याला वळसा घालून एक वहाळ जातो. पावसाळ्यात त्याला असं पाणी येतं की बैलगाडी उतारातून घातली तर ती थेट समुद्रात सापडावी. पलीकडे जायला एकच साकव, दोन ऐनाच्या तुळया, वर फळ्या, दोन्ही अंगाला कंबरेइतका लाकडी कठडा. मास्तर त्या साकवावरून धावत चौकला गेले आणि नर्सबाईंना घेऊन धावत आले. मूल तोवर आलेलं होतं. बाई गेलेल्या होत्या. नर्सबाईंनी नाडी बघितली आणि एकच वाक्य बोलल्या, “थोडं आधी यायला हवं होतं हो.” त्यांनी ते दुःखाने म्हटलं. मास्तरांनी मात्र ते गणितासारखं ऐकलं. थोडं म्हणजे किती? त्या दिवसापासून त्यांचा ‘समजा’ शाळेचा उंबरठा ओलांडून बाहेर पडला.

ती पायाळू मुलगी यमू. मास्तरांनी तिला एकट्याने वाढवली. ती पहिल्यांदा चालली तेव्हा ते तिच्या चारी बाजूंना होते. कसे ते मला विचारू नका, पण होते. पोरगी मात्र बापाच्या अगदी उलट निघाली. पायाळू माणसाचा पाय लागला की कंबरेची लचक जाते, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे सहा वर्षांच्या यमूसमोर गावातले बाप्ये पालथे पडायचे, आणि ती त्यांच्या पाठीवर उभी राहून पाढे म्हणायची. माझी पाठ तिने सतराच्या पाढ्यात मोकळी केली. अठराला मी उठून बैल जुंपले.

पुढे यमूचं लग्न झालं, पोशीरला दिली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. सासू भली बाई होती. ती म्हणाली, “तिकडं बाईमाणूस नाय, इथंच करू.” मास्तरांनीही पत्र लिहिलं की तिथेच राहा. पण सातव्या महिन्यात यमू माझ्या गाडीत येऊन बसली. “आबाकाका, चला,” म्हणाली. “माहेर म्हणजे काय फक्त आई असते होय? बाबा काय झाडाला लागलेत?” तिला दारात पाहून मास्तरांनी आधी हसून घेतलं, मग हिशोब केला, दिवस श्रावणातच भरत होते, आणि मटकन ओट्यावर बसले.

आठ दिवसांनी ते कर्जतहून एक जुनी सायकल हातात धरून आले. हातात धरून, कारण बसता येत नव्हतं. पाड्यावर ती पहिलीच सायकल. म्हशी दावी तोडून पळाल्या, आणि त्यातली एक खंडाळ्याच्या घाटात सापडली असं मी सांगतो. ते कोणी खोडून काढलेलं नाही. मास्तर पन्नाशीकडे झुकलेले, अंगाने काडीसारखे. पण पंधरा दिवसांत शिकले. पडायचे, उठायचे, गुडघ्याला हळद लावायचे, पुन्हा बसायचे. मी कठड्यावर बसून सल्ले द्यायचो. “मास्तर, पाय असा मारा! आमी मुंबईला असताना डोळे झाकून चालवायचो!” मी जन्मात सायकलवर बसलो नव्हतो. मुंबईही स्टेशनाबाहेरून पाहिलेली.

मास्तरांकडे घड्याळ नव्हतं. ते वेळ पाढ्यांनी मोजायचे. घरापासून साकवापर्यंत बे ते बारा. साकवावर तेराचा पाढा. साकवापासून चौकच्या दवाखान्यापर्यंत चौदा ते तीस, वर पाव-अर्ध्याचे पाढे, पावकी आणि निमकी. रोज सकाळी शाळेआधी ही फेरी व्हायची आणि लोक शेतातून ओरडायचे, “मास्तर, आज कितीवर?” ते ओरडून उत्तर द्यायचे, “एकवीस!” पण एक गणित सुटत नव्हतं. सायकलचं हॅंडल साकवाच्या दोन कठड्यांमधल्या जागेपेक्षा आठ बोटं रुंद होतं. साकवाशी उतरायचं, हॅंडल वाकडं करायचं, सायकल उचलून तिरपी न्यायची, पलीकडे पुन्हा चढायचं. त्यात तेराऐवजी एकोणिसापर्यंतचे पाढे जायचे.

“मग कठडा कापा ना,” मी म्हणालो. “मी येतो कुऱ्हाड घेऊन. एका घावात साकव उघडा करतो.”

“कठडा गावाचा आहे, आबाराव. समजा, उघड्या साकवावरून कुणाचं पोर वहाळात गेलं, तर? हॅंडल माझं आहे. कापायचं तर आपलं कापावं.”

“पण सहा पाढ्यांनी काय व्हतंय वो?”

मास्तर हळू म्हणाले, “तेच मला अठरा वर्षं माहीत नाही.” त्यावर मी जीभ चावली. माझ्या जिभेला तो अनुभव नवा होता.

कर्जतला घाट चढणारी इंजिनं उभी राहतात, तिथे माझ्या ओळखीचा एक फिटर होता. त्याच्याकडून लोखंड कापायची करवत आणि एक कानस आणली. रविवारी सकाळी मास्तरांच्या अंगणात आम्ही कामाला बसलो. मुठी गरम पाण्यात भिजवून ओढून काढल्या. हॅंडल सोडवून गोठ्याच्या खांबाला काथ्याने आवळलं. फूटपट्टी शाळेत होती, आणि रविवारी स्वतःच्या कामासाठी शाळेचं कुलूप उघडणं मास्तरांच्या स्वप्नातही आलं नसतं. म्हणून माप बोटांचं. मास्तरांनी डाव्या टोकाला आपली चार बोटं लावली, तिथे खडूने रेघ मारली, तशीच उजवीकडे मारली, आणि म्हणाले, “समजा, करवत तापली आणि पातं मोडलं तर?” मग यमूच्या केसांच्या तेलाची बाटली आली.

“बाबा,” यमू दारातून म्हणाली, “माझ्या वेणीला थेंब मोजून देता, आणि त्या दांड्याला धार?”

करवत चालू झाली. तो आवाज मी कसा सांगू? लोधिवलीत लोकांच्या दाढा शिवशिवल्या. वहाळातले मासे पालथे झाले. ठकूबाई कानांवर हात ठेवून धावत आली. “मास्तर, घरात भरल्या दिसांची पोर हाय नि तुमी लोखंड कापताय? काय अक्कल हाय का नाय?” मास्तरांचा हात थांबला. चेहरा चुन्यासारखा झाला. त्यांनी यमूकडे बघितलं. यमू पोटावर हात ठेवून हसत होती. “कापा हो बाबा. पोटातलं ताल धरतंय.”

डावा तुकडा तुटला तो टणकन उडून शेणाच्या ढिगात गेला. उजवीकडे बघतो तर तेलाच्या हातांनी खडूची रेघ पुसलेली. मास्तरांची बोटं आता इतकी थरथरत होती की ती एका जागी ठरेनात. “आबाराव,” ते म्हणाले, “तुम्ही धरा. चार बोटं.”

मी धरली. माझी चार.

करवत मी चालवली, आणि गाण्याच्या तालावर चालवली, म्हणूनच उजवा तुकडा पडेपर्यंत आम्हा दोघांपैकी कुणाच्याही लक्षात काही आलं नाही. मग मास्तरांनी शेणातून पहिला तुकडा काढला, धुतला आणि दुसऱ्याशेजारी ठेवला. “आबाराव,” ते म्हणाले, “तुमची चार म्हणजे माझी सहा.”

उजव्या बाजूला आता मुठीवर जेमतेम तीन बोटं मावत होती. ब्रेकचा दांडा टोकाच्या बाहेर डोकावत होता. डावीकडे कापून सारखं करावं तर तिथलाही ब्रेक बाहेर येणार. तेव्हा ते तसंच राहिलं, एका शिंगाची वाढ खुंटलेल्या रेड्यासारखं. मास्तर कानशीने कडा घासत राहिले, आणि मी संध्याकाळी वाण्याच्या दुकानात सगळ्यांना सांगितलं, “मास्तरांची बोटं काय, पोरीबाळींसारखी. मापाला कमी पडली. नायतर हॅंडल सरळ आलं असतं.” मास्तर तिथेच शेंगदाण्याचं तेल घेत होते. त्यांनी बाटलीचं बूच मात्र तीनदा तपासलं.

त्या हॅंडलाने सायकल सारखी उजवीकडे ओढायची. पहिल्या दिवशी मास्तर चौकला निघाले ते शाळेलाच वळसा घालून परत आले. पण सवय केली. साकवावरून गेले तेव्हा डावीकडे नखभर जागा उरली. रोजची फेरी सुरू राहिली. साकव तेरात सुटू लागला. दिवस भरत आले तसे मास्तर जेवेनासे झाले. वर्गात हौदाचं गणित घालताना “समजा” म्हणायचे आणि पुढचं विसरायचे. मुलं वाट बघत बसायची.

तो दिवस सोमवार. भर दुपार, पाऊस कोसळत होता. माझी कारभारीण आणि ठकूबाई आत होत्या. मी ओट्यावर, मास्तर अंगणात सायकल धरून. ठकूबाई बाहेर आली आणि तिच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं. “पायाळू हाय वो, मास्तर. हिच्यागतच. नर्सबाईला आणा. बेगीन.”

अडीच महिने ज्या एका शब्दासाठी त्या माणसाने गुडघे फोडून घेतले, तो शब्द आला, आणि मास्तर हलेनात. सायकलचं हॅंडल दोन्ही हातांनी धरलेलं, पाय जमिनीत रोवलेले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी जवळ गेलो. “मास्तर! निघा!”

“आबाराव,” ते म्हणाले, “समजा, मी गेलो आणि…” मग सायकल माझ्याकडे ढकलली. “तुम्ही जा. तुम्हाला चांगली येते. डोळे झाकून येते. तुम्ही जा.”

आयुष्यभर मारलेल्या सगळ्या थापा एकदम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी सायकल धरली. ती माझ्या हातात जनावरासारखी वाकडी झाली. “मास्तर,” मी म्हणालो, “मला येत नाय.”

“काय?”

“सायकल येत नाय मला. कधीच येत नव्हती.”

आणि मग आतून, दाराआडून, कळेच्या मधोमध यमूचा आवाज आला. दात आवळलेला, तुटलेला, पण शाळेतल्यासारखा सुरात.

“बे एके बे.”

मास्तरांनी मान वर केली.

“बे दुणे… बे दुणे चार… बाबा!”

“बे त्रिक सहा,” मास्तर म्हणाले, आणि त्यांचा पाय उचलला. “बे चोक आठ.” सायकल माझ्या हातातून गेली. “बे पंचे दहा,” हे त्यांनी वेशीवरून म्हटलं. मी चिखलातून मागे धावलो. का धावलो ते ठाऊक नाही, तिथे उभं राहवत नव्हतं. साकवाशी पोचलो तेव्हा मास्तर पार होत होते. पाणी फळ्यांना लागलं होतं, आणि डावा कठडा पाण्याच्या रेट्याने आत कलला होता. “तेर सक अठ्ठ्याहत्तर,” ऐकू आलं, लाकडावर काहीतरी घासल्याचा आवाज आला, पण ते थांबले नाहीत.

मग मी तिथेच थांबलो. कलता कठडा दोन्ही हातांनी बाहेरच्या अंगाला ओढून धरला. तेवढंच माझ्या हाताला येत होतं. या जागी मी लोकांना सांगतो की अख्खा साकव मी छातीवर तोलला. खरं सांगायचं तर मी भीतीने पाढे म्हणत होतो. मला दहापर्यंतच यायचे. दहा झाले की पुन्हा बे. किती वेळा बे आला ते मोजलं नाही. दर वेळी वाटायचं, आता थोडा उशीर झाला. आता अजून थोडा.

ते आले. पुढे मास्तर, मागे कॅरिअरवर नर्सबाई, मांडीवर पेटी, एका हाताने मास्तरांचा कोट धरलेला. नव्या नर्सबाई होत्या, अंगाने चांगल्या भरदार. साकवाशी त्या उतरल्या, मला म्हणाल्या, “अहो दादा, बाजूला व्हा की,” आणि धावत सुटल्या. मास्तर सायकलवरूनच मागे. मी कठडा सोडला तेव्हा बोटं उघडेनात.

मी घराशी पोचलो तेव्हा मास्तर ओट्याच्या पायरीवर बसले होते. आत जात नव्हते. डाव्या हाताच्या चारी सांध्यांची साल गेली होती, रक्त पावसाने पातळ होऊन धोतरावर उतरत होतं. ओठांवर पावकी चालू होती. आम्ही दोघे बसलो. पावकी संपली, निमकी संपली. मग मूल रडलं. मास्तर उठले नाहीत. माझी कारभारीण बाहेर आली, म्हणाली, “मुलगी झाली वो, मास्तर!” मास्तरांनी तिच्याकडे बघितलंच नाही. दाराकडे बघत हाक मारली, “यमू?”

आतून काही नाही.

“यमू?”

“निमकी चुकलात, बाबा,” आतून यमू म्हणाली. आवाज धाग्यासारखा होता. “बाहेरून ऐकू येत होतं.”

मास्तर हसले की रडले, हे त्या पावसात सांगता येत नव्हतं. मी मात्र मोठ्याने रडलो. इतका, की वहाळाचं पाणी वीतभर वाढलं.

दोन वर्षांनी मास्तरांची बदली दूर दक्षिणेकडे, महाडच्या बाजूला झाली. स्टेशनावर मीच सोडायला गेलो. ट्रंक, छत्री आणि सायकल. सायकल त्यांनी सोडली नाही. गाडी यायच्या आधी त्यांनी खिशातून सुतळीने बांधलेले दोन तुकडे काढून माझ्या हातावर ठेवले, एक आखूड, एक लांब.

“दुकानात तुम्ही माझ्या बोटांना नावं ठेवलीत,” ते म्हणाले. मी खाली बघितलं. “ठेवा. पण त्या दिवशी माझा डावा हात सोलला, तो माझ्या मापाने. उजवा मोकळा गेला, तो तुमच्या मापाने. मी पुष्कळ विचार केला, आबाराव. समजा, दोन्हीकडे माझीच बोटं असती, तर?” मग थोडं थांबून म्हणाले, “हे एक गणित मी सोडवलं नाही. सोडवावंसं वाटलं नाही.” गाडी आली. चढताना त्यांनी पायरी दोनदा हलवून बघितली.

नंतर ते पुन्हा भेटले नाहीत. गेल्याचं पत्र यमूकडून आलं.

ते तुकडे माझ्या भिंतीतल्या देवळीत आहेत. हातात जोर होता तोवर मी लांब तुकड्यावर चार बोटं लावून पोराबाळांना दाखवायचो. नेमकी बसायची. आता मी त्या काळच्या मास्तरांहून तीस वर्षांनी म्हातारा आहे. परवा माझी नातसून माहेरी बाळंतपणाला गेली आणि चार दिवस तिकडून काही निरोप नाही. हाताला चाळा म्हणून तुकडे काढले आणि बोटं लावली. लांब तुकडा दोन्ही टोकांनी उघडा राहिला. बोटं वाळली आहेत. मग आखूड तुकड्यावर लावली. त्यावर ती नेमकी बसली.

कारभारीण म्हणाली, “काय बघताय वो येवढं?”

“काय नाय,” मी म्हणालो. “समजा…”

ती माझ्या शेजारी येऊन बसली, आणि तिला जेवढे येतात तेवढे पाढे आम्ही दोघांनी म्हटले.